शेवटचे रीळ इंदापूरला

अंथुर्ण्यात सिनेमाचा तंबू लागला आणि तात्यांना लग्नात वाजवायला कुणी बोलवेना.

तात्या माझे थोरले बंधू. ते क्लॅरिओनेट वाजवत. मी बारामतीला मास्तर होतो, रविवारी घरी यायचो.

सिनेमातही एक क्लॅरिओनेटवाला होता. तो प्यायचा, रडायचा, आणि त्याच्या नाटक कंपनीच्या मालकाचा खून झाल्यावर पोलिसांनी त्यालाच धरले. सिनेमाची एकच प्रत आमच्या आणि इंदापूरच्या तंबूत चालायची. रिळे एसटीने ये-जा करत. आमच्या तंबूत शेवटचे रीळ आलेच नाही. तंबूवाला पडद्यापुढे येऊन म्हणाला, "झाली त्येला जन्मठेप. जावा आता घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक गृहस्थ. त्यांच्या मुलीच्या लग्नाची सुपारी तात्यांनी घेतली होती, ती परत मागायला आले होते.

"तात्या, राग धरू नका. तुमी बी डोळं मिटूनच वाजवता."

"मग?"

"शिनेमातला त्यो बी मिटायचा."

"आरं, सूर लागला की मिटत्यात!"

"व्हय, पर आत काय चाललंय, कुणाला ठावं?"

तात्या दोन दिवस नीट जेवले नाहीत. रविवारी मी तंबूत मिळणारी गाण्यांची चोपडी आणली. तीत कथा छापलेली असे. पारावर बसून ती मोठ्याने वाचली. शेवटची ओळ निघाली : 'पुढे काय झाले ते रुपेरी पडद्यावर पाहा.'

"बघा," मागून आवाज आला, "मास्तर बी झाकून ठेवतोय."

मग तीन बैलगाड्या जोडून सगळे इंदापूरला गेलो. खुनी निघाला नायिकेचा मामा. तात्या भर तंबूत उभे राहून ओरडले, "बघितलं का?"

सुपारी परत आली. लग्नात तात्या वाजवायला बसले. नवरीला बोहल्यावर आणायला तिचा मामा उठला. दोन म्हाताऱ्या त्याच्या दोन्ही बाजूंनी चालू लागल्या. "ह्येला येकटा सोडू नगा," त्यातली एक म्हणाली. मामा बिचारा गुळाचा व्यापारी. त्याला काही कळेना.

त्यानंतर तात्यांनी नेहमी डोळे उघडे ठेवूनच वाजवले. एकटक बघत वाजवायचे, आणि नवरदेव घाबरायचे. सूरही थोडा उतरला होता. मला ते कळायचे, पण मी कधी बोललो नाही.

तात्या गेले तेव्हा त्यांचे डोळे मीच मिटवले.

क्लॅरिओनेट आता माझ्या टेबलावर आहे. चोपडी क्लॅरिओनेटच्याच पेटीत आहे.