बाच्या चार चाली

आमच्या बाला चार चाली येत होत्या. शब्द एकाही चालीचे धड येत नव्हते, त्यामुळे तो ओठ मिटून नाकातून गुणगुणायचा. बा भाईंदरच्या मिठागरावर मुकादम होता. दिवसभर माणसांवर ओरडून झाल्यावर घरी पुन्हा बोलायचं कशाला, असा त्याचा सरळ हिशेब. त्यामुळे त्याच्या मनात काय चाललंय ते आम्ही त्याच्या गुणगुणण्यावरून ओळखायचो.

भजनाची चाल म्हणजे सगळं ठीक आहे, आपापली कामं करा. मिठाचे वाफे पायांनी तुडवताना गडी जे गाणं म्हणत त्याची चाल म्हणजे भूक लागली आहे. तिसरी चाल एका नाटकातली. तरुणपणी वसईला जाऊन तो ते नाटक पाहून आला होता आणि त्यातल्या एका पदाची दीड ओळ त्याच्या डोक्यात कायमची अडकली होती. ती दीड ओळ सुरू झाली की आई काही न बोलता आम्हा भावंडांना मागच्या दाराने बाहेर काढायची. चौथी चाल बँडची. उत्तनकडच्या किरिस्तावांच्या लग्नात पितळी वाजंत्री असतात, तसली. ती जलद होती, उड्या मारत जायची आणि वर्षातून दोन-तीनदाच ऐकू यायची. ती आली की बा खूष आहे, काय मागायचं ते मागून घ्या, असा आमच्या घरचा कायदा होता.

कायदा अनुभवावर उभा होता. आईला स्वयंपाकघरात खिडकी हवी होती, धुराने तिचे डोळे सतत चुरचुरायचे. बा दहा वेळा नाही म्हणाला. अकराव्या वेळी तिने बँडचा मुहूर्त साधला. बा उठला, पहार घेतली आणि भिंतीला भोक पाडून मोकळा झाला. चौकट बसायला आठ महिने लागले, पण ती वेगळी गोष्ट. भावाने सायकल मागितली तीही बँडच्याच दिवशी. त्या सायकलवर बसून तो ठाण्याला कामाला लागला आणि तिकडचाच झाला.

गाणं मनातून येतं असं शिकलेले लोक म्हणतात. आमच्याकडे ते हातापायांतून यायचं. मिठागरावर वाफे तुडवायला सकाळी संथ गाणं, ऊन चढलं की जलद, आणि कोणतं कधी म्हणायचं ते मुकादम ठरवायचा. आई फक्त जात्यावर गायची. पुढे पिठाची गिरणी आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता आईला निवांत बसून ओव्या म्हणता येतील. तिला एकही आठवेना. खुंटा हातात नसला तर तोंडही उघडत नाही, असं ती म्हणायची, आणि त्यात तिला वाईट वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं. स्टेशनाजवळच्या हॉटेलात ग्रामोफोन होता. गिऱ्हाईक बसून राहावं असं वाटलं की मालक रडकी तबकडी लावायचा, आणि जागा मोकळी करून हवी असली की उडती. लोकांना आपण गाणं ऐकतोय असं वाटायचं.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. माझं लग्न झालं होतं आणि संपलंही होतं. दोन्हींत माझा हात नव्हता. नवरा तापाने वर्षाच्या आत गेला, सासरच्यांनी मला माझ्या ट्रंकेसकट परत पोचवलं. गावच्या मास्तरांच्या मागे लागून मी मराठी सातवीची परीक्षा दिली आणि पास झाले. तेवढ्यात दोन गोष्टी एकाच आठवड्यात चालून आल्या. काशीगावचा एक बिजवर, तीन मुलांचा बाप, माझ्याशी पाट लावायला तयार झाला. आणि उत्तनच्या एका शाळेत मुलींना शिकवायला बाई हवी होती, तिथून मला निरोप आला.

मला शाळा हवी होती. इतकी, की मी निजेतही पाढे म्हणत होते. अडचण अशी की उत्तनला रोज जाऊन येणं जमण्यासारखं नव्हतं. राई-मुर्धा या गावांवरून चालत गेलं तरी अर्धी सकाळ वाटेतच जायची. तिथेच राहायचं, तर शाळेने सांगितलेली जागा एका किरिस्ताव विधवेच्या घरात होती. हे आळीत कळलं आणि ज्यांनी माझी आजवर चौकशी केली नव्हती त्यांना माझ्या धर्माची काळजी वाटू लागली. पोर बाटणार, असं आईला विहिरीवर रोज ऐकवलं जाई. बिजवराला आठ दिवसांत उत्तर द्यायचं होतं. मी बँडची वाट पाहत बसले.

सहा दिवस भजन. सातव्या दिवशी संध्याकाळी बा आला, पाय धुतले, ओटीवर बसून काथ्याचा दोर वळायला घेतला आणि बँड सुरू झाला. आईने मला कोपराने ढोसलं.

"बा," मी म्हटलं, "मना उत्तनच्या शालंत बोलवलंय. शिकवाला."

"र्‍हाशील कुठं?"

"एका किरिस्ताव बायच्या घरी."

 बाने दोराला पीळ दिला. "जा," तो म्हणाला.

"आन काशीगावला काय सांगू?" आईने विचारलं.

"न्हाय म्हनून सांग."

आणि तो पुन्हा गुणगुणायला लागला. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी जाऊन गोठ्यात म्हशीच्या गळ्यात पडले.

तीन आठवड्यांनी शेजाऱ्याकडून कळलं की बाची मुकादमी गेली होती. उधाणाच्या भरतीने बांध फुटला, खाडीचं पाणी वाफ्यांत शिरून तयार होत आलेलं मीठ विरघळलं, आणि मालकाने त्याचं खापर बावर फोडून आपल्या मेहुण्याला मुकादम केलं. बा पन्नाशीत पुन्हा फावडं घेऊन गड्यांच्या रांगेत उभा राहिला होता, आणि घरी एक अक्षर बोलला नव्हता. आम्ही दिवस मोजले. हे घडलं ते नेमकं त्याने मला 'जा' म्हटलं त्याच दिवशी. अशा दिवशी माणूस खूष कसा? आईने आणि मी बराच विचार केला आणि ठरवलं की डोक्यावरची जबाबदारी उतरली म्हणून बाला हलकं वाटलं असणार. कायद्यात चूक असेल असं दोघींच्याही मनात आलं नाही.

मी उत्तनला गेले. बाटले नाही. घरमालकीण मला मासळी न शिजवलेली वेगळी चूल देत होती, आणि मी महिन्याभरात तिच्याच चुलीवरचे बोंबील मागून खाऊ लागले, एवढाच काय तो अधर्म. मुली शिकत होत्या. मला मास्तरीण म्हणून हाक मारत होत्या. एका सकाळी मी विहिरीवर पाणी शेंदत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की तोंडातून आपोआप बाची बँडची चाल निघाली. आमच्याकडे सुखाची तीच चाल होती, दुसरी मला माहीत नव्हती.

घरमालकीण धावत बाहेर आली. तिने छातीवर क्रूसाची खूण केली. "कोन गेला?"

कोणी नाही, मी म्हटलं. ती वाडीत दोन्ही बाजूंना पाहून आत गेली. चार दिवसांनी पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा ती कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"बाय, सकालच्या पारी मयताचा बँड कशाला गातंस? कोनाला न्यावाचं हाय?"

मी हसले. लग्नाचा आहे, म्हटलं. ती हसली नाही. त्याच महिन्यात वाडीतला एक म्हातारा कोळी वारला आणि मी दारात उभी राहून ते ऐकलं. पुढे क्रूस, मग शवपेटी, मागे काळ्या कपड्यांतली माणसं आणि त्यांच्याबरोबर पितळी वाजंत्री. चाल इतकी संथ होती की पहिल्या वळणापर्यंत मला ओळखताच आली नाही. एक पाऊल, एक सूर. मग ओळखली. बा दोर वळताना गुणगुणायचा, आणि दोर वळणाऱ्या हाताला थांबून चालत नाही. त्या हाताच्या वेगाने मयताची चाल उड्या मारायची.

मी आत जाऊन बसले. खिडकी आठवली. सायकल आठवली. तेव्हा काय झालं असेल ते आता कोणालाच सांगता येणार नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. बाचा दिवस वाईट गेला की आम्ही आनंदाने एकमेकांना कोपरं मारत त्याच्यापुढे हात पसरून उभे राहिलो होतो. मला माझी इतकी लाज कधी वाटली नाही, त्याआधी किंवा त्यानंतर.

शनिवारी भाईंदरला गेले तेव्हा मला हे आईला सांगायचं होतं. पण बा ओटीवर दोर वळत होता आणि बँड चालू होता. आईचा चेहरा उजळलेला. "गोठ्याचं छप्पर," ती माझ्या कानात कुजबुजली. "तू माग, तुला न्हाय म्हननार न्हाय."

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. "बा, आज काय झालं?"

त्याचा हात थांबला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी समुद्राचा भाव विचारला. "काय व्हयाचं?"

"ही चाल मयताची हाय. मी उत्तनला आयकली."

त्याने दोराचं टोक पायाखाली धरलं. मग थोडं थोडं करून बोलला. लहान होतो तेव्हा शिडाच्या पडावातून मीठ घेऊन उत्तनला जायचो, मासळी खारवायला तिथले कोळी ते घ्यायचे. तिथे एक दोस्त होता. बुडाला. त्याच्या बँडमागून मी शेवटपर्यंत चाललो. चाल राहिली.

"आन आज?"

"डोल्यांचं काय खरं न्हाय," तो म्हणाला. मिठावरचं ऊन वर्षानुवर्षं डोळ्यांत जाऊन आता समोरच्या माणसाचा चेहरा पांढरा दिसतो, असं त्याने सांगितलं. आज त्याने नव्या मुकादमाला दुसराच गडी समजून हाक मारली होती आणि सगळे हसले होते.

मी विचारलं, "मुकादमी गेली त्या दिसाला तू मना जा कसा म्हनलास?"

"माझा दिस गेलाच व्हता," बा म्हणाला. "म्हटलं, घरातल्या एकाचा तरी बरा जाऊं दे."

मला रडू आवरेना. माझा चेहरा त्याला दिसत नव्हता, पण ऐकू येत होतं. त्याने दोर बाजूला ठेवला आणि माझं रडणं थांबेपर्यंत बसून राहिला. मग म्हणाला, "बरं, आता सांग. काय मागाला आयलीस?"