शेवेतलं काळं

नव्वद सालाच्या आसपास मी जालन्यात फरसाणच्या कारखान्यात होते. चौथी शिकलेल्या बाईला तिथं एकच काम. कढईतून निघालेली गरम शेव पट्ट्यावरून पुढं सरकायची, तिच्यातली जळकी आम्ही सहा बायका निवडून काढायचो. माझ्या शेजारी माझी धाकटी जाऊ उभी असायची. तिचं माझं घरात पटलं नाही, तिथंही पटलं नाही.

पट्टा काळ्या रबराचा होता. खडी वाहायला वापरतात तसला, म्हणून स्वस्त. दोन वर्षं तेल पिऊन तो फुगला आणि शेवेत काळे कण सापडायला लागले. दुकानदारांनी पुडे परत पाठवले. सुपरवायझरनं पट्ट्याकडं पाहिलंच नाही. त्यानं आमच्या तोंडांकडं पाहिलं.

"मिश्री कोण लावतं?"

तंबाखू भाजून केलेली ती पूड निम्म्या बायका दाताला लावायच्या. मी जाऊकडं बोट केलं.

"हिच्या कमरेला डबी हाय."

मी खोटं बोलले नाही. पण खरं सांगायचं म्हणूनही बोलले नाही. मला ती माझ्या शेजारून जायला हवी होती.

सुपरवायझरनं डबी उकिरड्यावर फेकली. "जा अंकुशनगरला. उसात थुंक, किती थुंकायचं ते."

तिथल्या साखर कारखान्यासाठी तिनं दोन हंगाम ऊस तोडला होता. कोयत्यानं पायाची दोन बोटं गेली, म्हणून ती फरसाणच्या कामाला आली होती. जाताना मला म्हणाली, "जाऊबाई, तोंड धुऊन ठेवा. आता पुढचं बोट तुमच्याकडं."

आठ दिवस झाले, काळं निघतच होतं. मी मिश्रीला कधी हात लावला नाही. तरी सुपरवायझर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "तू पण लावून राह्यली का?"

तेव्हा कुठं मी एक कण नखाखाली धरून दाबला. मिश्री असती तर भुगा झाला असता. हा वाकला आणि परत सरळ झाला. भट्टीच्या निखाऱ्यावर टाकला, तर सायकलची ट्यूब जळाल्याचा वास. दुसरा कण घेऊन मी सरळ शेठच्या टेबलावर ठेवला. माझ्यावर पाळी आली नसती तर गेले असते का, ते मला माहीत आहे.

शेठनं पट्टे विकणाऱ्या व्यापाऱ्याला बोलावलं. त्यानं तीन तुकडे आणले: एक जाड कापडाचा, एक पांढऱ्या प्लास्टिकचा, एक निळ्या. शेठचा हात कापडाकडं गेला, कारण तो स्वस्त.

"आधी तेलात टाकून बघा," मी म्हणाले.

सकाळी टाकलेले तुकडे संध्याकाळी काढले. कापड तेल पिऊन घाण वास मारत होतं. बाकीचे दोन पुसले की कोरे. शेठनं पांढरा उचलला.

"हा साफ दिसतो."

"पांढरा न्हाई. काळं निघालं तर तुमी मिश्री म्हणलात. पांढरं निघालं की चुना म्हणाल. निळं आमी काहीच खात न्हाई."

व्यापारी हसला. "मावशी बराबर बोलून राह्यली, शेठ."

शेठ हसला नाही, पण निळा घेतला.

"आन् माझी जाऊ?"

"येऊ दे. मिश्री घरी ठेवून."

मी घरी गेले तेव्हा ती कोयत्याला धार लावत होती.

"माफी मागायला आल्या का?"

"न्हाई. सोमवारी कामावर ये."

"मंग बराबर," म्हणाली आणि कोयता ठेवून दिला.

सोमवारी फाटकाशी, सुपरवायझरच्या समोर, तिनं नवी डबी काढली. सावकाश दात घासले, चूळ भरली, आत गेली.

पुढं बऱ्याच महिन्यांनी शेवेवर नखाएवढा निळा तुकडा आला. सुपरवायझरनं तो उचलला आणि सवयीनं आमच्या तोंडांकडं पाहिलं.

"का हो साहेब," जाऊ म्हणाली, "ही कुणाची मिश्री म्हणायची?"

त्यानं तुकडा खिशात घातला. साऱ्या बायका हसल्या. मीही हसले, तशी ती माझ्याकडं वळली.

"तुमी नका हसू."