ताईची खिडकी

आमच्या नाटक कंपनीतल्या सुताराला आम्ही सगळे 'बिजागरी' म्हणायचो. त्याच्या खिशात कायम दोन-चार बिजागऱ्या असत. विंगेत तो आला की आधी त्या खुळखुळायच्या, मग तो दिसायचा. मी रंगमंचावर राणी झाले, मोलकरीण झाले, वेडी झाले, कितीदा तरी मेले. आणि दर वेळी ज्या दारातून आत आले ते दार बिजागरीच्या हातचं होतं. त्या दारापलीकडे काय असायचं? एक बादली, दोराचं भेंडोळं आणि चहाचा कप घेऊन उभा असलेला तो स्वतः.

असे किती वाडे-बंगले त्यानं उभे केले आणि प्रयोग संपताच मोडून ट्रकात भरले. स्वतः राहायचा भाड्याच्या दोन खोल्यांत, थोरल्या बहिणीबरोबर. दोघंही बिनलग्नाची. घराला खिडकी एकच, तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून. "आमची खिडकी रुसून बसलीये," ताई म्हणायची.

ताई एका कचेरीत टायपिस्ट होती. निवृत्त झाल्यावर तिनं जुना कॉम्प्युटर घेतला आणि त्याच्याबरोबर घरांचे नकाशे काढायच्या प्रोग्रॅमची डिस्क. मग रोज संध्याकाळी ती घर काढत बसे आणि प्रयोग नसला की बिजागरी शेजारी स्टुलावर बसून चुका काढे.

"ताई, हे दार उघडलं की कपाटावर आपटणार."

"मग कपाट सरकव."

"कपाट सरकवलं तर पलंग कुठं घालशील?"

"तुझ्या डोक्यावर. गप बस जरा."

ते घर बांधलं जाणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तरी त्याचा कोपरा न् कोपरा त्यांना पाठ झाला होता. फक्त ताईच्या खोलीची खिडकी तेवढी ठरत नव्हती. आज या भिंतीला, उद्या त्या. एके दिवशी बिजागरी प्रयोगाला निघाला, जिन्यात पोचला, तेव्हा ती आतून ओरडली, "अरे, ठरली रे एकदाची खिडकी! आल्यावर दाखवते."

तो परतला तेव्हा शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात नेलं होतं. तिथून ती परत आली नाही.

कॉम्प्युटरला हात लावायचा धीर त्याला फार उशिरा झाला. लावला, तर तो सुरूच होईना. दुरुस्तीवाल्यानं आतला बिघडलेला भाग बदलला, ताईचं घर एका पेन ड्राइव्हवर वाचवून दिलं आणि म्हणाला, "फाइल शाबूत आहे मामा. पण जुन्या भागाबरोबर प्रोग्रॅम गेला, उघडायला तोच पुन्हा टाकावा लागणार. डिस्क आहे ना?"

डिस्क होती. पण तिच्यावर ओरखडे होते आणि प्रोग्रॅम अर्ध्यावर येऊन अडकायचा. इथं आमच्या बिजागरीतला कारागीर जागा झाला. लाकडावरचा ओरखडा कसा घालवायचा हे त्याला झोपेतही येत होतं. त्यानं झिरो नंबरचा पॉलिश पेपर काढला, गोल गोल हात फिरवून डिस्क घासली, वर मेणाचं पॉलिश चढवलं आणि मला दाखवायला घरी घेऊन आला.

"बघा बाई, दिसतोय ओरखडा?"

ओरखडा दिसत नव्हता, हे खरं. पण पूर्वी जिच्यात आपलं तोंड दिसायचं ती डिस्क आता दुधी काचेसारखी झाली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! दुरुस्तीवाल्यानं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "मामा, हे जेवणाचं टेबल नव्हतं हो."

डिस्कच्या खोक्यावर कंपनीच्या मदतकेंद्राचा नंबर होता. बिजागरी माझ्या घरून फोन लावायचा, कारण मोठ्या आवाजातलं बोलणं आपल्याला जमत नाही, जमतं ते बाईंना, असं त्याचं मत. आधी एक मंजुळ आवाज सांगायचा की आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. मग नुसतं संगीत. तिसरी घंटा होऊन गेली तरी पडदा उघडू नये, तसं आम्ही दोघं बसून राहायचो.

एकदा उघडला.

"डिस्क कशी खराब झाली, सर?"

मी हातवारे करून सांगत होते, 'सांग, आलीच तशी!' पण तो माणूस आयुष्यभर पडद्याआड राहिलेला. अभिनयाशी त्याचा काय संबंध?

"मी घासली," तो म्हणाला.

"काय केलंत?"

"घासली. झिरो नंबरनं."

मग उत्तर आलं की ग्राहकानं केलेलं नुकसान भरून मिळत नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं विचारलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केलात का? त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. नंतरची मुलगी म्हणाली, "तो प्रोग्रॅम कंपनीनं बंद केलाय. नवीन घ्या ना."

"त्यात आमचं घर उघडेल?"

"नाही सर, पण नवीन घर काढता येईल."

"नवीन घर घेऊन काय करू, पोरी? मला ताईनं खिडकी कुठं ठेवली तेवढं बघायचंय."

"सर, आमच्याकडे तक्रारींचे प्रकार ठरलेले आहेत. त्यात खिडकी नाहीये."

तेव्हा मी फोन हिसकावला आणि माझ्या पट्टराणीच्या आवाजात अशी कडाडले की बिजागरी खुर्चीतून उठून उभा राहिला. मुलगी म्हणाली, "होल्ड करा, मॅडम."

शेवटी एक घसा बसलेला माणूस भेटला. त्यानं मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं. "गोदामात बघतो," म्हणाला, आणि खरंच उलटा फोन केला. एक डिस्क सापडली होती. शेवटचीच. पाठवतो, म्हणाला.

बिजागरीनं कॉम्प्युटरचा पडदा पुसला आणि समोर दोन स्टुलं मांडून ठेवली.

डिस्क आली ती साध्या कागदी पाकिटात. फोडलं, तर आत दोन तुकडे.

"ही मी नाही घासली," बिजागरी म्हणाला.

मला हसू फुटलं, आणि त्याच्याकडे पाहिल्यावर जागच्या जागी थिजलं. मदतकेंद्राला पुन्हा फोन केले. घसा बसलेल्या माणसाला तिथं कुणी ओळखत नव्हतं.

काही दिवसांनी बिजागरीनं मला दुपारी नाट्यगृहात बोलावलं. नाटकातलं घर उभं करण्याआधी सुतार त्याचा आराखडा रंगमंचाच्या फळ्यांवर खडूनं, खऱ्या मापात आखून घेतात. बिजागरीनं ताईचं अख्खं घर आखलं होतं. ओसरी, बैठक, स्वयंपाकघर. मी सरळ चालत गेले तर ओरडला, "अहो बाई, भिंतीतून काय जाताय? दार इकडं आहे!" मी मागं फिरले आणि दारातून आले.

ताईच्या खोलीत एक खुर्ची होती. चारही भिंती आखलेल्या, खिडकी नाही.

"बसा," तो म्हणाला. "आणि सांगा, कुठं बघावंसं वाटतं."

मी बसले. आयुष्यभर लोकांच्या आया-बहिणी झालेली मी, पण त्या खुर्चीत मला ताई होता येईना. सहज उजवीकडे मान वळली, तर हा खडू घेऊन तिथं वाकलासुद्धा. नजर माझ्या तोंडाकडे. एक शब्द उच्चारला असता तर त्यानं खिडकी काढली असती. याहून मोठी खोटी वाक्यं मी भरल्या नाट्यगृहाला पटवून दिली आहेत.

"नाही रे," मी म्हटलं. "मला नाही सांगता येत."

तो थोडा वेळ तसाच वाकून राहिला. "मलाही नाही," म्हणाला, आणि रेषेबाहेर खाली बसला. मग संध्याकाळच्या प्रयोगासाठी झाडलोट करणारी बाई बादली-फडकं घेऊन आली.

"मामा, पुसून घेऊ का?"

बिजागरी उठला, गुडघे झटकले.

"स्वयंपाकघराकडून घ्या," तो म्हणाला. "ही खोली शेवटी."