चंद्रकलामावशींचं उत्तर

उन्हाळ्यात पाटाला पाणी सुटतं आणि उसाच्या सरीसरीत शिरतं, तेव्हा तापून भेगाळलेली काळी जमीन ते पिताना एक आवाज करते. भुकेलं बाळ दूध पिताना त्याच्या घशात होते ना, तशी मृदू, अधीर घुटघुट. देवळाली प्रवऱ्याच्या शिवारात, बांधावर बसून तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा हातातलं काम विसरून ऐकतच राहिले. तहानेला इतका गोड स्वर असू शकतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं!

मी तिथे गेले होते संशोधनासाठी. नगरच्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवता शिकवता पीएच.डी.चं काम हाती घेतलं होतं. विषय मोठ्या जिव्हाळ्यानं निवडलेला: जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू गावांतून लग्न होऊन पाटपाण्याच्या मुलखात आलेल्या स्त्रिया. जिथे एका हंड्यापायी सकाळ सरून जाते तिथली मुलगी, जिथे पाणी दारावरून वाहतं तिथे नांदायला येते. तिच्या अंतरंगात काय बदलतं? आणि काय बदलता बदलत नाही?

संशोधनासाठी गोळा केलेल्या माहितीला हल्ली मराठीत 'विदा' म्हणतात. तिकडे हिंदीत विदा म्हणजे निरोप, लेकीची पाठवणी. दोन अगदी निराळ्या गोष्टींना एकच शब्द मिळावा, हा निव्वळ योगायोग; पण त्या दिवसांत एसटीच्या खिडकीशी बसून जाता-येता तो शब्द मनात घोळवला, की उगीचच हुरहूर लागे.

विदा गोळा करण्याच्या पद्धती पुस्तकात किती नेटक्या दिसतात! आधी प्रश्नावली. माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्न मोठ्या डौलात उभा होता: 'पाण्याच्या उपलब्धतेमुळे आपले जीवन अधिक सुखी झाले आहे काय?' बायका क्षणभर माझ्याकडे बघत, हसत आणि 'होय'वर खूण करायला सांगत. दुसरं काय करणार? मग मुलाखती. पण घराच्या ओट्यावर मुलाखत म्हणजे सासू, जाऊ, शेजारीण अशी सगळी सभाच भरे आणि उत्तर देणारीचा आवाज त्या सभेला साजेल असाच निघे. "सुख हाय की, मॅडम. पानी हाय, आजून काय पायजे?" असं ऐकून मी घरी परते, तेव्हा पिशवीत उत्तरं असत आणि मनात मात्र रितेपण.

माझे मार्गदर्शक सर मितभाषी. माझे कागद चाळून ते एवढंच म्हणाले, "काही दिवस विचारू नका. नुसत्या बसा. बघा."

म्हणून मी चंद्रकलामावशींच्या घरी नुसती बसू लागले. हे त्यांचं खरं नाव नव्हे. ही हकिगत लिहायला त्यांनी परवानगी दिली ती नाव बदलण्याच्या अटीवर, आणि "चंद्रकला ठेवा, मला लई आवडतं," म्हणून नवं नावही स्वतःच निवडलं. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगानं किरकोळ, बोलण्यात तुटक. माहेर पाथर्डीकडच्या डोंगराखालचं. सासू-सासरे केव्हाच गेलेले, मुलगा सुप्याच्या कारखान्यात कामाला लागून तिकडेच राहिलेला. घरात त्या आणि त्यांचे पती भानुदासकाका.

बघणं ही विचारण्यापेक्षा कितीतरी अवघड गोष्ट आहे! तरीही हळूहळू दिसू लागलं. पाटाला पाणी आलं, की गल्लीत लगबग उडे, पुरुष दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायला, मळ्याकडे धावत, बायका गोधड्या धुवायला काढत. मावशी मात्र उठून आतल्या खोलीत जात. आणि दुसरं असं, की दारात कुणीही येवो, पोस्टमन, भंगारवाला, वाट चुकलेला मोटारसायकलवाला, त्या आधी काठोकाठ भरलेला तांब्या पुढे करत आणि समोरच्यानं घोट घेईपर्यंत तिथून हलत नसत. तो प्यायला, की त्यांच्या चेहऱ्यावर निवल्यासारखा भाव उमटे. एका साध्या पाण्याच्या तांब्यात एवढं काय साठवलं होतं त्यांनी?

एका दुपारी आम्ही दोघी जनावरांच्या घासाची खुरपणी करून कडुलिंबाच्या सावलीत बसलो होतो. त्यांनी तांब्या पुढे केला. मी प्याले आणि त्या नेहमीसारख्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी काहीच विचारलं नाही. फोनच्या रेकॉर्डरवर बोलणं टिपून घ्यायची परवानगी त्यांनी मला पूर्वीच दिली होती. मी तो सुरू करून दोघींच्या मधे ठेवला. आणि मग त्या आपण होऊन बोलू लागल्या. बोलता बोलता 'माझी आई'ची 'मही आई' झाली, तेव्हा मला उमगलं, मावशी आता पाथर्डीकडे पोचल्या.

"मही आई एकदाच आली हितं. चैताचं ऊन. स्टँडवरून चालत आली. पाटाला पानी आल्तं त्या दिवशी. तिनं ते पाह्यलं आन् म्हनली, केवढं पानी गं बाय! मी तांब्या दिला. तर घेईना. लेकीला लेकरू हुईस्तवर तिच्या घरचं पानी प्यायचं न्हाई, अशी आमच्याकडं रीत. आन् मला तर लेकरू हुईना. थोडी बसली, निघाली. मी तांब्या घेऊन वळनापत्तर गेले मागं. तिचे व्हट पार सुकलेले. म्हनलं, आई, हितं कुनी बघत न्हाई, पी. तिनं बोटं भिजवली, डोळ्यांला लावली. म्हनली, लेकरू झालं का येते, मंग पोटभर पिते."

हातातलं खुरपं मावशींनी उगीचच मातीत टेकवलं.

"लेकरू झालं तवा ती न्हवती. आता सांगा मॅडम, पान्यानं सुखी झाले का म्हनून इचारता, मी काय उत्तर देऊ?"

मी रेकॉर्डिंग थांबवलं. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःचं बोलणं ऐकायला मागितलं. फोन कानाशी धरून, डोळे मिटून, त्यांनी ते सारं शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, आता पुसून टाका म्हणतील. तसं म्हणाल्या असत्या तर मी पुसलंही असतं. पण त्या म्हणाल्या, "हे ह्यांना ऐकवाल का?"

"मावशी, तुम्हीच सांगा ना त्यांना."

"माझ्या तोंडून त्यांच्यापुढं निघायचं न्हाई. इतकी वर्सं न्हाई निघालं. आता ह्यात निघालंय, तर ऐकवा."

एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचं नाही, हे आमच्या शास्त्राचं पहिलं व्रत. पण ज्या कंठातून ते बोलणं उमटलं, त्या कंठानंच ते कुणासाठी तरी पाठवायचं म्हटलं, तर अडवणारी मी कोण?

उन्हं कलली तेव्हा भानुदासकाका अंगणात बाजेवर बसले होते. मावशी म्हणतात म्हणून ऐकवते, एवढंच सांगून मी फोन त्यांच्या हाती दिला. मावशी आत गेल्या आणि भांडी आवरू लागल्या. आवरलेलीच भांडी पुन्हा आवरू लागल्या. काका मान खाली घालून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी फोन बाजेवर ठेवला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"मी मळ्यात दारं धरून हुतो त्या दिवशी. घरी आलो तर हिचा चेहरा उतरलेला. म्हनलं, आई माघारी गेली म्हनून असंल. पुढं पाटाला पानी आलं का ही आत जायची. मला वाटायचं, हिला आमचं गाव मानवलं न्हाई, आमी मानवलो न्हाई. त्योच राग धरून बसलो मी. इचारलंच न्हाई कधी."

ते उठले, दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याबाहेरच घुटमळले. "अगं, पानी दे," म्हणाले. मावशींनी तांब्या आणून दिला. काकांनी तो घेतला, ओठाला लावला नाही. दोन्ही हातांनी परत त्यांच्यापुढे धरला. "तू पी आधी." मावशींनी एकवार माझ्याकडे बघितलं, संकोचून पाठ वळवली आणि त्या प्याल्या.

सरांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी माझी प्रश्नावली पुढ्यात ओढली. मग म्हणाले, "तुमचा प्रश्न बदला." मी बदलला. पाण्यानं तुम्ही सुखी झालात का, असं विचारणं मी सोडून दिलं. हे पाणी कुणाला द्यावंसं वाटलं, असं विचारू लागले. आणि काय सांगू, आजवर 'होय'पलीकडे न सरकलेल्या बायका मोकळ्या झाल्या! एक म्हणाली, धाकट्या बहिणीला. एक म्हणाली, माहेरच्या म्हशीला, बिचारी कधी पाण्यात डुंबली नाही. राहात्याकडे पेरूच्या बागेत भेटलेल्या एका आजींनी माहेरच्या दारातल्या कडुलिंबाच्या झाडाचं नाव घेतलं आणि त्या मुलीसारख्या लाजल्या. प्रत्येकीच्या संपन्नतेत एक जागा कुणासाठी तरी राखलेली होती, आणि तिची चौकशी कुणी केली नव्हती, इतकंच. माहिती मिळवायच्या साऱ्या पद्धतींच्या मुळाशी अखेर हेच नसेल का? माणसाजवळ थांबणं, आणि त्याच्या उत्तराला पोचायला लागेल तेवढा वेळ देणं.

प्रबंध पुरा झाला. यंदा पाडव्यानंतर सहज भेटायला म्हणून देवळालीला गेले, तर मावशी लटक्या रागानं सांगू लागल्या, "तुमी गेल्या, पन तुमचं काम ह्यांनी उचललंय बघा! रोज दिस मावळला का बसत्यात आन् इचारत्यात. तुमच्या गावाला बाजार कवा असायचा, शाळंला कोन कोन हुतं, तुला बैलगाडी हाकायला शिकिवली कुनी. डोस्कं उठवलंय माझं!"

काका बाजूलाच शेंगा सोलत बसले होते. गालात हसले, पण प्रश्न काही थांबवला नाही. माझ्यासमोरच विचारते झाले, "बरं, तुजी आई हासायची कशी गं?"

मावशी विचारात पडल्या. मग त्यांनी पदराचं टोक ओठांशी धरलं, मान किंचित डावीकडे कलती केली, आणि खांदे हलवत, आवाज न करता, कुणा दुसऱ्याच बाईसारख्या हसू लागल्या. काकांचा हात शेंगांच्या ढिगात तसाच थांबला. दूरच्या गावाहून उन्हातून चालत आलेल्या पाहुणीकडे बघावं, तसे ते त्या हसण्याकडे बघत राहिले.