वाल्वमन हजर आहे

फाइल बंद झाली की प्रकरण डोक्यातून जातं, असं नोकरीत असताना मी नव्या पोरांना सांगत असे. हे एक प्रकरण गेलं नाही. निवृत्त होऊन बडोद्याच्या अकोटा भागात राहायला आलो त्यालाही आता काही वर्षं झाली. तरी सकाळी नळाला पाणी येण्याआधी हवेचा फुसफुसाट झाला की माझ्या हातातला कप तसाच राहतो आणि बायको म्हणते, "प्या आता, निवला."

बडोद्यापासून तासाभरावर एक नगरपालिकेचं गाव आहे. मी तिथल्या ठाण्याचा इन्चार्ज पीएसआय होतो. नावं कोणाचीच लिहीत नाही. बहुतेक माणसं हयात आहेत. अशा गावात लोकांना नगरपालिकेचे प्रमुख कोण हे एखाद वेळेस सांगता येणार नाही, पण वाल्वमन कोण हे पक्कं ठाऊक असतं. तो पहाटे सायकलवर निघतो, खांद्यावर माणसाच्या उंचीची लोखंडी चावी. एका गल्लीचा वाल्व उघडायचा, वीस मिनिटांनी तो बंद करून पुढच्या गल्लीचा उघडायचा. कुठला वाल्व रस्त्यात कुठे आहे आणि त्याला किती फेरे द्यायचे, हे कुठल्याही नकाशात नसतं. ते त्याच्या डोक्यात असतं. पालिकेचा सगळा कारभार आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं अशातला असला, तरी या एका माणसामुळे गावाची अंघोळ वेळेवर होते.

एका बुधवारी सकाळी या वाल्वमनची बायको ठाण्यात आली. कुटुंब मूळचं नंदुरबारकडचं, घरात मराठी बोलणारं. साहेब मराठी आहेत असं ऐकून ती पीएसओच्या, म्हणजे ठाणे अंमलदाराच्या, टेबलाला वळसा घालून थेट माझ्या खोलीत शिरली.

"साहेब, हे सोमवार सकाळपासून घरी आले नाहीत."

दारात उभा असलेला आमचा जमादार हसला. "बेन, आजे सवारे मारे घेर पाणी आव्युं ने! पछी तमारा भाई नोकरी पर ज छे." म्हणजे, आज त्याच्या घरी पाणी आलं, तर तिचा नवरा कामावरच असणार.

"पाणी आलं," ती म्हणाली. "हे नाही आले."

मी तिला घेऊन पालिकेत गेलो. मुकादमाने हजेरीपत्रक पुढे टाकलं. सोमवार हजर, मंगळवार हजर, बुधवार हजर, तिन्ही दिवस सही. मग मी बाजारात चौकशी केली. चहावाल्याने सांगितलं, आज सकाळीच बघितला. शिंप्याने सांगितलं, काल बघितला, परवाही बघितला. एक निवृत्त मास्तर ओट्यावर पेपर वाचत बसले होते. त्यांनी तर शर्टाचा रंगसुद्धा सांगितला आणि समोरच्या भिंतीकडे बोट केलं. "ही काय त्याची सायकल. इथेच असेल कुठेतरी."

सायकल खरंच तिथे होती. मी समाधान पावलो. पोलिसाचं डोकं एका ठरलेल्या वाटेने चालतं. माणूस नोकरीवर येतो आणि घरी जात नाही, म्हणजे त्याचं दुसरं घर आहे. असं तिला तोंडावर कसं सांगायचं? मी स्टेशन डायरीत जाणवाजोग, म्हणजे नुसती माहितीपुरती, नोंद करवली आणि "येईल दोन दिवसांत" म्हणून तिला घरी पाठवलं. चौथीत नापास झालेल्या मुलाच्या आईची समजूत घालावी तसा मी तिच्याशी बोललो, हे आठवलं की आजही माझा मलाच राग येतो.

संध्याकाळी ती पुन्हा आली. या वेळी बसली नाही.

"साहेब, मंगळवारपासूनचं पाणी यांच्या हातचं नाही."

"म्हणजे?"

"हे सावकाश सोडतात. चार फेरे देऊन थांबतात, हवा जाऊ देतात, मग बाकीचे. नळाला आधी फुसफुस होते, मग धार लागते. बावीस वर्षं मी त्या आवाजावर उठते. काल आणि आज पाणी धाडकन आलं. हंडा उलटला. हे दुसरं कोणी सोडतंय."

जमादार पुन्हा हसायच्या बेतात होता. मी त्याला नजरेने गप्प केलं. माणूस आपल्या माणसाच्या पावलांचा आवाज ओळखतो, हे मला माहीत होतं. पाण्याचा आवाज ओळखतो, हे नवीन होतं. पण तिच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं. ती पुरावा सांगत होती आणि तो तपासणं माझं काम होतं.

गुरुवारी सकाळी सहाच्या आधी मी साध्या कपड्यांत तिच्याच गल्लीच्या वाल्वपाशी जाऊन उभा राहिलो. उजाडत होतं. गल्लीत बायका हंडे लावून दारात उभ्या होत्या. कोणी आलं नाही. सायकल नाही, चावी नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या पायाखाली जमिनीत घरघर झाली आणि सगळ्या गल्लीचे नळ एकदम धडाडले. वाल्वच्या झाकणाला कोणाचा हातही लागला नव्हता. एक बाई माझ्याकडे बघून सहज म्हणाली, "आला वाटतं वाल्वमन." मी वळून मागे बघितलं. रस्ता मोकळा होता. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही, पण त्या क्षणी मी झाकणापासून दोन पावलं मागे सरकलो. सगळ्या गावाला दिसणारा तो माणूस फक्त दोघांना दिसत नव्हता, त्याच्या बायकोला आणि मला.

मी तडक पाण्याच्या टाकीवर गेलो. मुख्य वाल्वपाशी दुसरा एक वाल्वमन बिडी ओढत बसला होता. पन्नाशीचा, आमच्या हरवलेल्याचा जुना दोस्त. मला बघताच त्याने बिडी विझवली. त्याला ठाण्यात आणून समोर बसवला.

"दोस्त कुठाय?"

"ड्यूटीवर, साहेब. रोज येतो."

मी मस्टरची पानं उलटून गेल्या महिन्याच्या सह्या काढल्या आणि मंगळवारपासूनच्या सह्यांशेजारी ठेवल्या. काहीच बोललो नाही. चौकशीत आरडाओरडा करणारे अधिकारी खूप पाहिले. माझा अनुभव असा की कागद समोर ठेवून आपण गप्प बसावं. चहा आला, त्याने घेतला नाही. मग म्हणाला, "मी केल्या सह्या."

"का?"

"तो दमणला गेला असेल, साहेब. घरी सांगून कोण जातं?"

गुजरातमध्ये दारूबंदी, शेजारच्या दमणला दारू खुली. कोणी दोन दिवस न सांगता गायब झाला की त्याचे दोस्त ओठांवर बोट ठेवतात आणि दमणचं नाव काढत नाहीत. वॉटर वर्क्समध्ये तर रीतच होती: तू माझी हजेरी लाव, मी तुझी. एवढ्या गल्ल्या एकट्याने फिरायला नकोत म्हणून याने सगळे वाल्व उघडे टाकले आणि टाकीवरूनच एकदम पाणी सोडलं. त्याची बायको विचारायला आली तेव्हा याने तिलाही "कामावर आहे" असंच सांगितलं. दोस्ती निभावत होता बिचारा. त्या दोस्तीने एका माणसाला तीन दिवस हजर ठेवलं आणि म्हणून कोणी शोधायला निघालं नाही.

"शेवटचा कधी पाहिलास?"

"सोमवारी, दहा वाजता. मुकादमाने त्याला पिटाळलं होतं. बाजाररस्त्यावर नवं डांबर पडायचं होतं, खालचा वाल्व गळत होता. तो बंद कर म्हणाले. पण कुठला ते मला माहीत नाही. त्या रस्त्याखाली पाच आहेत."

तो रस्ता मला माहीत होता. मंगळवारी सकाळी त्याचं उद्घाटन झालं होतं. ढोल, नारळ, फीत, पाहुणे. बंदोबस्त माझाच होता.

पाण्याचा हात नेमका कधी बदलला हे पक्कं करावं म्हणून मी पालिकेचं तक्रार-रजिस्टर मागवलं. पाणी धाडकन आल्याच्या तक्रारी त्यात सापडतील असा अंदाज होता. त्या होत्याच. पण त्यांच्या मध्ये मध्ये वेगळ्याच नोंदी होत्या. सोमवार संध्याकाळ: "नळात ठोकल्याचा आवाज येतो." मंगळवार सकाळ: "पाणी नसताना नळ वाजतो, मुलं घाबरतात." मंगळवार दुपार: "पाइपात कोणी ठोकतं, तीन वेळा, थांबून पुन्हा तीन वेळा." बुधवारी दोन. प्रत्येकीपुढे कारकुनाने सुवाच्य अक्षरात निकाल लिहिला होता: लाइनमध्ये हवा. सगळ्या तक्रारी एकाच ओळीतल्या घरांच्या होत्या, मास्तरांच्या ओट्यामागच्या.

मी पान उलटलं. गुरुवारच्या पानावर तसली एकही तक्रार नव्हती.

नोंदी मी मोठ्याने वाचत होतो. मान वर केली तर समोरचा दोस्त उठून उभा होता. त्याच्या लक्षात माझ्याआधी आलं होतं. त्याच्या तोंडून फक्त "रोड, साहेब, रोड" एवढंच निघालं आणि तो अनवाणी पळत सुटला. आम्ही जीपने निघालो तरी तोच आधी पोचला. मास्तरांच्या ओट्यापासून त्याने पावलं मोजली, अकरा, आणि गुळगुळीत काळ्या डांबरावर हात टेकून खाली बसला. भिंतीला टेकलेली ती सायकल तिथून दगड टाकण्याच्या अंतरावर होती. लोकांनी तीन दिवस सायकल बघितली आणि माणूस बघितल्याचं सांगितलं. खोटं कोणीच बोललं नव्हतं.

जेसीबी लावायचा धीर झाला नाही. पहारी आणल्या. गर्दी जमली, मी ओरडून ती मागे हटवली. डांबराखाली लोखंडी झाकण लागलं. डांबरवाल्यांना ते उघडं दिसलं होतं. आत न डोकावता त्यांनी ते पायाने सरकवून बसवलं आणि काम पुढे नेलं. पाहुण्यांची तारीख ठरलेली होती.

झाकण निघालं. चेंबर संस्थानच्या काळातलं, विटांचं, ऐसपैस. तो कोपऱ्यात पाइपला टेकून बसला होता, चावी मांडीवर आडवी. डोकं एका बाजूला कललेलं. त्याची बायको गर्दीतून पुढे आली, गुडघ्यावर बसली आणि आत वाकून तिने त्याला हाक मारली. नावाने. त्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. तिने तीन वेळा घेतलं. तिसऱ्या हाकेला त्याने उजेडापुढे हात धरला.

मी नास्तिक नाही, पण देवाला उठसूट त्रास देणाऱ्यातलाही नाही. त्या दिवशी मात्र मी हात जोडले. मास्तर ओट्यावर बसून लहान मुलासारखे रडत होते.

आठवड्याने सरकारी दवाखान्यात मी त्याचा जबाब घेतला. पाय घसरून डोकं पाइपवर आपटलं, शुद्ध आली तेव्हा अंधार होता आणि वरून रोलर फिरत होता. हवा एका जुन्या बंद गटारीच्या भोकातून येत होती. गळणाऱ्या वाल्वचं पाणी ओंजळीत धरून तो प्यायला. जी गळती थांबवायला गेला होता, तिनेच त्याला जगवलं. ओरडून घसा बसला, तेव्हा चावीने पाइपवर ठोकायला लागला. पाइप घराघरांत जातो, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत?

मी लिहीत होतो. मग तो म्हणाला, "मंगळवारी ढोल वाजले. ते थांबले तेव्हा मी झाकणावर जोर करून ठोकलं, साहेब. वर एक म्हातारी बोलली, 'साहेब, अहीं नीचे कांईक वागे छे.' एक माणूस तिला बोलला, 'माजी, आघां खसो. नीचे कांई नथी.'"

खाली काहीतरी वाजतंय, असं म्हातारी सांगत होती; खाली काही नाही, बाजूला सरका, हे तिला मिळालेलं उत्तर. माझं पेन थांबलं.

"तेव्हा आवाज वळखला नव्हता," तो म्हणाला. "झाकण उघडलं त्या दिवशी तुम्ही गर्दीला 'आघा खसो' बोललात ना, तेव्हा वळखला."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. घडलं ते सांगत होता. मला ती म्हातारी आठवत होती. कोथिंबिरीची टोपली घेऊन मध्येच बसली होती आणि पाहुण्यांची गाडी वळणावर आली होती. मी जबाबात लिहिलं: "ढोलाच्या आवाजामुळे ठोकण्याचा आवाज वर कोणासही ऐकू गेला नाही." नियमाप्रमाणे सगळा जबाब त्याला वाचून दाखवला. त्या वाक्याशी आल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं. मग पेन मागितलं आणि सही केली.

पुढे मुकादम आणि डांबराचा ठेकेदार यांच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला, सह्या करणारा दोस्त निलंबित झाला. या प्रकरणाने काय शिकवलं, असं विचारलं की मी ट्रेनिंगमध्ये पोरांना सांगत असे: हजेरीपत्रकावर विसंबू नका, साक्षीदार खोटं न बोलताही खोटं सांगतो, रोज दिसणाऱ्या माणसाकडे कोणी बघत नाही. पोरं लिहून घेत. त्यात चूक काही नाही. पण दोषी म्हणून ज्यांची नावं कागदावर आली, त्यांच्यापैकी कोणालाही तो आवाज कोणी सांगितला नव्हता. म्हातारीने तो मला सांगितला होता. जबाबात जे घेतलं नाही, ते आज इथे लिहितो आहे.