दोन्ही काठांची चांगुणाआत्या

चांगुणाआत्या गेल्याची बातमी घेऊन तिचा मुलगा गणपत श्रावणातल्या एका रविवारी सकाळी आमच्या दारात उभा राहिला. मी शहापूरला शाळेत शिकवतो, सुट्टी म्हणून गावी आलो होतो. ओटीवर माझे वडील बसले होते, आत्याचे थोरले भाऊ. आम्ही सगळेच त्यांना दादा म्हणतो. बातमी ऐकून त्यांनी समोर दुथडी भरलेल्या नदीकडे पाहिलं. मग एकदम म्हणाले, "साकवावरून आलास ना?" गणपत डोळे पुसत म्हणाला, "मग काय मामा, पवत येऊ?" आणि तसल्या घडीलाही दादांना हसू फुटलं. याला आता महिना-दीड महिना झाला. आत्याविषयी रडकं लिहायला माझा हात धजत नाही. तिला ते आवडलंही नसतं.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, नदीच्या अलीकडे. आत्याचं सासर बरोबर समोर, पलीकडे. हिवाळ्यात नदी इतकी रोडावते, की बायका डोक्यावर हंडा घेऊन गप्पा मारत तिच्यातून जातात. म्हसा गावच्या जत्रेला दोन्ही गावांच्या गाड्या एकामागोमाग निघायच्या, सोयरिकीही एकमेकांतच व्हायच्या. पण पावसाळ्यात आत्याला माहेर नुसतं दिसायचं. मग बहीणभाऊ आपापल्या काठावर उभे राहून ओरडून बोलत. "दादाऽ, म्हैस व्याली रेऽ!" "काय झालंऽ?" "रेडाऽ!" हे सगळं दोन्ही गावं ऐकत असत. नागपंचमीला पुरणाची दिंडं केली की ती ताट उंच धरून पलीकडून दाखवायची, आणि दादा इकडून ओरडायचे, "ग्वाड झालीत गो!"

नदीवर साकव, पायी जाण्यापुरता छोटा पूल, व्हावा असं सगळ्यांनाच वाटे. पण सडका-साकव बांधणाऱ्या लोकल बोर्डाच्या निवडणुकीचे गट आखताना हद्द नेमकी नदीतून नेलेली. नकाशावर नदी म्हणजे आयती रेघ! अलीकडचा सभासद म्हणे, साकवाचं दुसरं टोक माझ्या गटात येत नाही. पलीकडचाही तेच म्हणे. आत्याचे यजमान लवकर वारले, जमीन तिच्या नावावर झाली, सारा ती भरू लागली, म्हणून तिला मत होतं. तेव्हा मत सगळ्यांना नव्हतं; आता स्वराज्यात मिळणार म्हणतात. दर निवडणुकीला ती साकवाचं विचारायची आणि दर वेळी तेच उत्तर घेऊन परतायची. शेवटी तिनंच यातली मेख ओळखली. मला म्हणाली, "ही रेघ नदीवरनं उचलून मागच्या डोंगरावर टाकाय सांग. डोंगराच्या पल्याड आमी ना लेक देत, ना बैल इकत. दोन्ही काठांना एकच सभासद मिळू दे, मंग बघते कुठं पळतो."

हद्दी ठरवणाऱ्या सरकारी साहेबांना अर्ज मी लिहिला. दोन्ही गावांत मिळून पहिला बी. ए. मीच, आणि अर्ज उत्तम लिहिला होता हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. आत्यानं तो वाचून घेतला. "झ्याक लिवलंस रे, बीए! पर सायबाला श्रावणात बोलव. माघात आला त चपला हातात धरून पलीकडं येल आन् इचारेल, कुठंय तुमची नदी?" ती म्हणे, मागं असंच झालं होतं.

मग साहेब खरोखरच श्रावणात आले, छत्री सावरत, चिखल तुडवत. सुनावणी आमच्या काठावर आणि अर्जदार बाई पलीकडे! साहेबांनी तोंडापाशी हात धरून हाक दिली, "बाई, म्हणणं मांडायला इकडे या!" पलीकडून उत्तर आलं, "तुमीच या सायेब! चाय ठेवलीय!" दोन्ही काठ खो खो हसले. साहेबांनी त्या लालभडक पाण्याकडे पाहिलं आणि तेही हसले. "मग रेघ कुठे टाकू?" आत्यानं हात वर करून डोंगर दाखवला. बस, एवढंच तिचं म्हणणं. पुढच्या निवडणुकीआधी हद्द डोंगरावर गेली.

त्या निवडणुकीला दादाच उभे राहिले. बहिणीचं मत घरचंच, असा त्यांचा हिशेब. तरी रीत म्हणून भेटायला गेले, मीही बरोबर होतो. आत्यानं पाट मांडला आणि विचारलं, "साकव कंदी बांधशील?"

"आधी बाजाराची सडक करू. साकवाचं मंग बघू."

"बघू?"

"अगो, भैन हायेस ना माजी?"

"भैन म्हनून वाढते, जेव. मत पायजे त साकवाचं बोल."

दादा पोटभर जेवले, साकवाचं काही बोलले नाहीत. मतदानाच्या दिवशी आत्या मत देऊन बाहेर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "दादा, तुला नाय दिलं रे." मी तर हबकलोच. एवढी हद्द हलवली ती याचसाठी? आत्या माझ्यावरच डाफरली, "रेघ हालवली ती दादाला निवडाय नाय, बीए. दादाला धराय!"

दादा निवडून आले, पण थोडक्यात. काही दिवस बहिणीशी अबोला धरला, आणि बोर्डाच्या पहिल्याच सभेत साकवाचा विषय काढला. मी विचारलं तर म्हणाले, "तिचं मत मिळालं असतं त गोडीगुलाबीत मुदत काढली असती. आता फुडल्या खेपेला तिच्या दारात कोन्त्या तोंडानं जाऊ?"

दगडी खांबांवर लाकडी फळ्यांचा साकव झाला. पहिल्या नागपंचमीला आत्या दिंडांचं ताट घेऊन त्यावरून आली, आणि मध्यावर थांबून सवयीनं ओरडली, "दादाऽ, आले रेऽ!" दादा समोरच उभे होते. "दिसतंय गो! बहिरा नाय मी!" पुढे प्रत्येक वेळी ती तिथेच थांबायची, तस्सं ओरडायची, आणि दादा तेच उत्तर द्यायचे.

परवा दादांबरोबर गणपतच्या घरी निघालो. साकवाच्या मध्यावर दादा थांबले. मला वाटलं, दम लागला असेल... त्यांनी कठड्याला धरून मान वर केली आणि सगळा जीव एकवटून हाक दिली, "चांगुणेऽ, आलो गोऽ!"

क्षणभर नुसता पाण्याचा आवाज. मग पलीकडच्या ओटीवरून गणपतची बायको ओरडली, "या मामाऽ! चाय ठेवतेऽ!"