पंपाला लू लागली

जळगावहून नेपानगरला जायला रेल्वे आहे, बस आहे, आमच्या दारात चांगली थंडगार चारचाकीही उभी आहे. तरी ऐन मे महिन्यात आम्ही निघालो ते माझ्या नवऱ्याच्या, श्रीकांतच्या, लाल, दोन माणसांच्या, बिनटपाच्या विलायती गाडीतून. माझ्या सासऱ्यांनी हौसेने घेतलेली ही गाडी आमच्या लग्नाहून जुनी आहे आणि घरात तिचा मान माझ्याहून थोडा वर आहे.

या वेडेपणाला कारण होतं. कुसुमवन्सं, म्हणजे श्रीकांतची थोरली बहीण, नेपानगरला राहतात. यजमान कागद कारखान्यात होते. ते गेल्यावरही वन्संनी गाव सोडलं नाही. त्यांच्या उजव्या गुडघ्याची पार वाट लागली होती. बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी गुडघा बदलायची तारीख दिली आणि वन्संनी फोनवर जाहीर केलं, की आपण काही जाणार नाही. श्रीकांत तासभर समजावत होता. शेवटी त्या म्हणाल्या, "तू आधी तुझ्या गाडीचा पंप बदल. मग मी गुडघा बदलते."

घाव अगदी वर्मी लागला. या गाडीत पेट्रोलचा पंप विजेवर चालतो आणि मागच्या चाकाजवळ बसवलेला आहे. किल्ली फिरवली की टकटक करत तो पेट्रोल इंजिनाकडे ढकलतो. पण अलीकडे मनात येईल तेव्हा संप करायचा. मग श्रीकांत उतरून त्याला लाकडी हातोडीने हलकेच चापट मारायचा, की स्वारी पुन्हा सुरू. नवा पंप कधीच आणलेला होता. पण "मूळ भाग आहे, उगाच उघडायचा नाही" या तत्त्वावर तो डिकीत टॉवेलात गुंडाळून पडला होता. ऑपरेशन दोन दिवसांवर आलेलं. नेपानगर गाठायचं, वन्संना राजी करायचं आणि याच गाडीतून हॉस्पिटलात न्यायचं, असा बेत होता. पंपाचं काय, असं मी निघताना विचारलं तर म्हणाला, "बघू."

रावेर मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना केळीच केळी सुरू झाली. वरून ऊन नुसतं ओतत होतं. दापोऱ्याच्या अलीकडे टकटक थांबली, गाडीने दोन आचके दिले आणि कडेला जाऊन उभी राहिली. चापटा मारल्या, मग जरा जोरात मारल्या. पंप ढिम्म.

बागेतून एक गृहस्थ आले. धनराज पाटील, केळीवाले. पाठोपाठ त्यांची बायको ज्योती डोक्यावर पदर सावरत आली.

"काय झालं भाऊ गाडीले?"

श्रीकांतने पंप दाखवला. धनराजभाऊंनी त्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. आजाऱ्याकडे बघावं तसं दोघं नवरा-बायको त्याच्याकडे बघत राहिले.

"याले लू लागली," धनराजभाऊ म्हणाले. लू म्हणजे उन्हाची झळ. या भागात ती माणसाला लागते, बैलाला लागते. पंपाला लागल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मंग थंडा करा ना त्याले," ज्योती म्हणाली.

आणि उपचार सुरू झाले. आधी एक कांदा आला. तो लू लागू नये म्हणून खिशात बाळगतात. पंपाला खिसा नसल्याने तो शेजारी सुतळीने बांधण्यात आला. मग धनराजभाऊंनी घड उतरवलेल्या केळीचा खांब तोडून आणला आणि त्याची सोपटं (खांबाची पाणीदार सालं) काढून पंपाला लपेटली. मला कैरीचं पन्हं मिळालं. पंपाला पाजता येत नाही याचं ज्योतीला वाईट वाटलेलं दिसलं.

जरा वेळाने किल्ली फिरवली आणि टकटक सुरू. श्रीकांतचा चेहरा असा फुलला, की जणू पोरगा पास झाला. "बघ, काही बदलायची गरज नाही," तो मला म्हणाला. मी कपाळाला हात लावला.

सोपटं वाळली की बदलायची, अशी सूचना देऊन धनराजभाऊंनी उरलेला खांब माझ्या मांडीवर ठेवला. शिवाय पेशंट अर्ध्यावर सोडायचा नाही म्हणून दोघं मोटारसायकलवरून मागे निघाले. अशा थाटात आमची मिरवणूक बुऱ्हाणपुरात शिरली. उघड्या गाडीत केळीचा खांब घेऊन बसलेली बाई पाहून लोक रस्ता देत होते. एका चौकात रिक्षावाल्याने नमस्कार करून विचारलं, "माताजी, पूजा कहाँ है?" दुसऱ्या चौकात एका आजोबांनी सत्यनारायणाचा प्रसाद राखून ठेवायला सांगितलं. मावा जलेबीच्या दुकानासमोर गाडी पुन्हा रुसली. श्रीकांत सोपटं बदलत होता तोवर मी काळसर, गरम, पाकाने जड झालेली जलेबी खाल्ली. संसारात एवढी तरी सोय असावी.

नेपानगरच्या रस्त्याला लागलो आणि खांब संपला. सागाच्या झाडीत, अजून बरीच वाट बाकी असताना पंप कायमचा गप्प झाला. त्याच वेळी वन्संचा फोन आला. फोन माझ्याकडे होता.

"सुमन, पंप बदलला का त्याने?"

मी श्रीकांतकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघू लागला.

"नाही वन्सं. सोपटं बांधलीत."

"मग मीही गुडघ्याला सोपटं बांधते. उद्या सकाळी डॉक्टरांना कळवते, की मी येत नाही." फोन बंद झाला.

मी शब्दशः निरोप सांगितला. धनराजभाऊंनी मान खाली घातली. आपलं औषध इतक्या दूरवर नडेल, असं त्यांना वाटलं नसावं. ज्योती मात्र सरळ म्हणाली, "भाऊ, तुमी सोता बदलत नही, अन् बहिनीले कोन्त्या तोंडानं सांगता?"

श्रीकांतने बॅटरीची तार सोडवली, डिकीतून टॉवेल काढला, सतरंजी पसरून गाडीखाली शिरला. आम्हाला फक्त त्याचे पाय दिसत होते. धनराजभाऊ पेट्रोलची नळी दाबून धरून बसले. बराच वेळ पान्याची करकर ऐकू येत होती. मग खालून आवाज आला, "आईलाही डॉक्टर नुसतं उघडून बघतो म्हणाले होते."

सासूबाई ऑपरेशनच्या टेबलावरच वारल्या, हे मला माहीत होतं. त्यांना आत नेताना दारात ही दोघं भावंडं उभी होती, हेही माहीत होतं. इतकी वर्षं मी त्याला गाडीवेडा म्हणून चिडवत आले. त्याला उघडण्याचीच भीती बसली आहे, हे माझ्या लक्षात यायला नेपानगरचा रस्ता लागला. मला त्या क्षणी त्याची फार माया आली.

नवा पंप बसला. किल्ली फिरवली, तर दोन-चार बारीक टकटक आणि मग शांतता. श्रीकांत पांढराफटक पडला. "गेला. हाही गेला."

"अहो, गाडी तं चालू करून पाहा," ज्योती म्हणाली.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं; पेट्रोल पुढे पोचलं म्हणूनच पंप गप्प बसला होता. नव्या पंपाचा आवाज इंजिनाच्या घरघरीत ऐकूच येत नव्हता. तरी नेपानगरपर्यंत श्रीकांत दर मैलाला मान मागे वळवून कान देत होता, आणि मी त्याला पुढे बघायला सांगत होते.

धनराजभाऊ आणि ज्योती वन्संकडे चहा घेऊन माघारी गेले. वन्संनी काठी टेकत गाडीला फेरी मारली. खाली वाकता येत नव्हतं, म्हणून आरसा मागवून पंप पाहिला. मग आत जाऊन पिशवी भरायला घेतली. शब्द म्हणजे शब्द.

दुसऱ्या दिवशी वन्सं लाल गाडीतून आणि मी मागून रिक्षातून, असे बुऱ्हाणपूरला पोचलो. त्याच्या पुढच्या सकाळी ऑपरेशनच्या दारापर्यंत श्रीकांत स्ट्रेचरचा दांडा धरून चालला. तिथे नर्सने त्याला दांडा सोडायला सांगितलं. तो सोडेना. वन्सं पडल्या पडल्या म्हणाल्या, "श्री, आत गेल्यावर माझा आवाज येणार नाही. तुझा नवा पंपही बोलत नाही, पण गाडी आलीच ना? सोड आता."

त्याने दांडा सोडला. पुढचे काही तास तो बाकावर बसून होता आणि मी त्याची एकदाही चेष्टा केली नाही.

वन्संना वॉकर मिळाला, व्यायाम घेणाऱ्या मुलीवर त्या खेकसायला लागल्या, श्रीकांतच्या दुसऱ्या बहिणीने येऊन त्यांची जबाबदारी घेतली, तेव्हा आम्ही जळगावची वाट धरली. प्रवास माणसाला काय शिकवतो कोण जाणे. मी एवढंच शिकले, की नवऱ्याला चिडवण्याआधी त्याला एकदा गाडीखाली झोपवून बोलतं करावं. परतीला गाडी कुठेही बंद पडली नाही. तरी श्रीकांत तीन ठिकाणी ती कडेला उभी करून वन्संना फोन लावत होता. काय रे, असं त्यांनी विचारलं की म्हणायचा, काही नाही, सहज.

तिसऱ्यांदा त्यांनी मोठ्याने सांगितलेलं मलाही ऐकू आलं.

"अरे, चालतेय मी. तू गाडी चालव."